६१७४ : २१११ घेतल्यावर ० का येतं?

त्रिज्या
कापरेकर स्थिरांकासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. ११११, २२२२ वगैरे नऊ संख्या सोडल्या तर बाकी सगळ्या ६१७४ वर यायला हव्यात. पण १००० ते ९९९९ मध्ये चक्क ७७ संख्या ० वर जाताहेत. उदा. २१११ − १११२ = ९९९, मग ९९९ − ९९९ = ०. हे खरे अपवाद आहेत का? आणि सगळं ६१७४ लाच का येतं?

गणोबा
अपवाद नाहीत, शून्य गळतंय. ९९९ ला ०९९९ धरायचं:
९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४
संख्येची स्ट्रिंग करताना झेडफिल(४) लावा (चार अंक होईपर्यंत ते डावीकडे शून्यं भरतं), तेही दर फेरीला. सुरुवातीला एकदा लावून भागणार नाही. तुमच्या जादा ६८ संख्या एकाच साच्यातल्या आहेत: तीन अंक सारखे, चौथा एकाने कमी किंवा जास्त.

हातचा घेतला
'का'चं उत्तर. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. वजाबाकी येते ९९९(क − घ) + ९०(ख − ग). म्हणजे मूळ अंक गेले खड्ड्यात, उरतात फक्त दोन फरक. पहिला १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या ५४. नऊ हजार संख्या पहिल्याच फेरीत ५४ वर येतात, मग त्या वहीवरही तपासता येतात. ६१७४ साठी फरक ६ आणि २: ५९९४ + १८० = ६१७४, म्हणून तिथेच थांबतं.

मधेच ० येऊ शकत नाही, कारण चार अंकांत लिहिलेल्या उत्तराच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ च असते (ख आणि ग सारखे असले तर २७). चार सारख्या अंकांची बेरीज मात्र ४ च्या पटीत.

जास्तीत जास्त सात फेऱ्या, यामागे सुंदर युक्ती नाही. ५४ तपासूनच कळतं. २००५ ला पुऱ्या सात लागतात: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

त्रिज्या
झेडफिलने काम झालं, नऊच उरल्या. पण पाच अंकांना प्रोग्राम थांबतच नाही.

गणोबा
थांबणार कसा, पाच अंकांना स्थिरांकच नाही. तीन चक्रं आहेत. सर्वांत लहान ५९९९४ → ५३९५५ → ५९९९४. आलेल्या संख्या सेटमध्ये टाकत जा, एखादी पुन्हा दिसली की थांबा. तीन अंकांना ४९५ आहे. सहा अंकांना ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन, शिवाय सात संख्यांचं एक चक्र.

वर्गमूळ
एक घोळ नेहमी होतो म्हणून: 'कापरेकर संख्या' हा देवळालीच्या याच कापरेकर मास्तरांचा, पण वेगळा प्रकार. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ६१७४ त्यात बसत नाही: वर्ग ३८११८२७६, तुकड्यांची बेरीज १२०८७. त्यांनीच नाव दिलेली हर्षद संख्या मात्र ती आहे: अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन.