विधी महाविद्यालयातील पहिले वर्ष: सत्रान्त परीक्षेआधी अभिप्राय कसा देता येईल?

प्रश्न: करार-शिक्षक
मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवतो. सत्रभर तासिका होतात, अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प जमा होतो, आणि आपण कुठे कमी पडतो हे विद्यार्थ्याला प्रथम कळते ते निकालाच्या दिवशी, तेही नुसत्या आकड्यातून. उत्तरपत्रिकेत १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम १० (कोणता ठराव वैध करार ठरतो ते सांगणारे) जसेच्या तसे उतरवलेले असते, निवाड्याचे नावही बरोबर असते. पण प्रश्नातल्या वस्तुस्थितीला ते का लागू होते, याबद्दल एक ओळ नसते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असल्याने तो माझ्या हाती नाही. साठेक विद्यार्थ्यांच्या वर्गात लेखनाचा सराव कसा घ्यावा?

उत्तर: निवृत्त प्राध्यापिका
सर, आधी तो प्रकल्प बंद करा. इंटरनेटवरून उतरवलेली पाने तपासण्यात कोणाचेच भले होत नाही. त्याऐवजी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा-भाष्य नसलेला कायद्याचा नुसता मजकूर, समोर ठेवू देऊन वर्गातच एक पानी उत्तर लिहून घ्या. मी लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ चा निवाडा घेत असे. मालकाच्या घरातून निघून गेलेल्या मुलाच्या शोधासाठी मुनिमाला हरिद्वारला पाठवले जाते, मागाहून ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर होते, आणि त्याची माहिती नसतानाच मुनीम मुलाला शोधून काढतो. त्याचा बक्षिसाचा दावा फेटाळला गेला. प्रस्तावाची माहितीच नसेल तर स्वीकृती कशी होणार, एवढे सगळे लिहितात. मग मी वस्तुस्थिती बदलत असे: मुलगा सापडण्याआधीच मुनिमाने जाहिरात वाचली असती तर? बहुतेक जण त्याला बक्षीस देऊन मोकळे होतात. मुनीम नोकर या नात्याने त्या शोधाला आधीच बांधलेला होता, हे निवाड्यातले दुसरे कारण मूळ निवाडा वाचणाऱ्यालाच सापडते. साठही उत्तरे तपासू नका. दर वेळी पंधरा घ्या आणि त्यांतल्या ठळक उणिवा पुढच्या तासिकेत, नावे न घेता, फळ्यावर मांडा.

उत्तर: द्वितीय वर्ष, एलएल.बी.
मॅडमची पद्धत पटली. फक्त एक विनंती आहे. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीला गुण कमी पडले की तर्क चुकला की इंग्रजी कच्चे, हे समजत नाही. मुद्दा ओळखणे, नियम सांगणे, तो वस्तुस्थितीला लावणे आणि भाषा यांचे गुण वेगवेगळे दाखवले, तर कशावर मेहनत घ्यायची ते कळेल.

उत्तर: जिल्हा न्यायालयातील वकील
पाठांतराला सरसकट हिणवू नये असे माझे मत आहे. न्यायाधीशांनी अचानक विचारले तर पुस्तक चाळत बसता येत नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीचे कलम ३७८ चे ३०३ झाले, तेव्हा ज्यांना गुन्ह्याचे घटक ठाऊक होते त्यांचे फारसे अडले नाही. नव्या ज्युनिअरांची खरी अडचण वेगळीच असते: पक्षकाराने आणून दिलेल्या बिले, पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या गठ्ठ्यातून दाव्याला लागणारी तथ्ये त्यांना वेचता येत नाहीत. बार कौन्सिलच्या (वकिली व विधी शिक्षणाच्या नियामक संस्थेच्या) २००८ च्या नियमांतले मसुदालेखन आणि मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला) यांसारखे प्रात्यक्षिक विषय बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षांत येतात. पहिल्याच सत्रात असा एखादा गठ्ठा देऊन केवळ तारीखवार घटनाक्रम लिहून घ्या. तो तपासायला वेळही फारसा लागत नाही.

करार-शिक्षक
घटनाक्रमाचा सराव येत्या महिन्यातच सुरू करतो. प्रकल्पाऐवजी वर्गातल्या उत्तरांना अंतर्गत गुण दिले, तर तक्रारी येतील का?

निवृत्त प्राध्यापिका
येतील. म्हणून नियमांत बसते का ते आधी तपासून, गुणांचे निकष प्राचार्यांच्या सहीने सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकावर लावा आणि तपासलेली उत्तरे निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.