आई न दाखवता विकले जाणारे लॅब्रेडॉरचे पिल्लू घ्यावे का?

प्रश्न (भुसावळ): आमच्या भागात एका गृहस्थांकडे लॅब्रेडॉरची ३५ दिवसांची पिल्ले स्वस्तात मिळत आहेत, मात्र पिल्लांची आई दाखवण्यास ते तयार नाहीत. दयेपोटी एक घ्यावे, असे घरच्यांना वाटते.

उत्तर (जळगाव): दादा, घेऊ नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आई लपवली जाते, तेव्हा बहुधा प्रत्येक माजाला गाभण ठेवून तिची पार रया घालवलेली असते. वास्तविक १८ महिन्यांपूर्वी वीण नको, लागोपाठच्या दोन हंगामांत नको आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते नकोत, असे हेच नियम सांगतात. तुम्ही दयेने दिलेले पैसेही तिच्या पुढच्या वेताचे कारण ठरतील.

उत्तर (धुळे): जळगावच्या ताईंशी सहमत. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून जबाबदार पैदासकार नर-मादीच्या खुब्यांचे एक्स-रे पाहूनच जोडी लावतो आणि पिल्लू कोणत्या घरी जाणार, याची उलट आपल्याकडेच चौकशी करतो.

प्रश्नकर्ता: त्यांना आजच नकार कळवतो.