तबला शिकलेल्या मुलाला नववीत स्कूल बँडमध्ये जायचंय, उशीर झालाय का?

आरवची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही मागच्या जूनमध्ये पुण्याहून डॅलसजवळ आलोय. मुलगा आत्ता आठवीत आहे, ऑगस्टमध्ये हायस्कूल सुरू होईल. तबला सहा वर्षं शिकलाय, गांधर्वची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झालीये, पण इथे आल्यापासून ऑनलाइन क्लासमध्ये त्याचं मन रमत नाही आणि तबला जवळजवळ बंदच पडलाय. ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांनी आम्हाला हायस्कूलची फुटबॉल मॅच बघायला नेलं होतं, मध्यंतरात बँड मैदानात आला, ड्रमलाइन, म्हणजे बँडमधला ड्रमवाल्यांचा ताफा, वाजायला लागली आणि हा जागेवरून उठून उभाच राहिला, शेवटपर्यंत बसला नाही. तेव्हापासून एकच धोशा आहे, मला हे करायचंय.

अडचण अशी की इथली मुलं सहावीपासून बँडमध्ये असतात म्हणे, याला तर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेलं संगीत, अजिबात वाचता येत नाही. ह्यांचं म्हणणं पडलं की हायस्कूलला अभ्यास वाढतो, त्यात आठवड्याचे इतके तास कुठून काढणार. मला मात्र वेगळंच वाटतंय. वर्ष होत आलं तरी तो डबा बहुतेक एकटाच खातो, त्याने मला हे एकदाच सांगितलं आणि परत विषय काढला नाही. कुणाची मुलं बँडमध्ये असतील तर प्लीज सविस्तर सांगा, वेळ, खर्च, ऑडिशन, सगळंच.

क्लॅरिनेटवालीची_आई
आरवची आई, माझी मुलगी अकरावीत आहे, सहावीपासून क्लॅरिनेट वाजवते, आम्ही पण टेक्सासमध्येच. उशीर झालाय हे खरंय पण दार बंद नाहीये. पहिलं काम म्हणजे हायस्कूलच्या बँड डायरेक्टरला आत्ताच इमेल टाका, मे महिन्याची वाट बघू नका, कारण पुढच्या वर्षाच्या ऑडिशन बहुतेक शाळांत वसंतातच उरकतात, ड्रमलाइनच्या तर सगळ्यात आधी.

वेळेचं सांगते. शाळा सुरू व्हायच्या आधीच समर बँड असतो, ऑगस्टच्या उन्हात, पार्किंग लॉटवर किंवा मैदानात, पारा १०० फॅरनहाइटच्या वर. पाण्याचा मोठा जग, टोपी, सनस्क्रीन आणि चांगले बूट याच्याशिवाय पाठवू नका, आणि आदल्या रात्रीपासून पाणी पाजा, नुसतं सकाळी पाजून पुरत नाही. शाळा सुरू झाली की यूआयएलचा (टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा चालवणारी संस्था) नियम आहे, शाळेच्या वेळेबाहेर प्रॅक्टिस आठवड्याला ८ तासच. पण शुक्रवारची मॅच आणि शनिवारची काँटेस्ट यात धरत नाहीत. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शुक्रवारी रात्री साडेअकराला तुम्ही शाळेबाहेर गाडीत बसलेल्या असाल हे गृहीत धरा. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं नेमकं याच सीझनमध्ये येतं, आम्ही दोन वर्षं लक्ष्मीपूजन मुलगी घरी आल्यावर रात्री दहाला केलं.

तुमच्या मिस्टरांना एक गोष्ट जरूर सांगा. टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे, एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की निदान तीन आठवडे काँटेस्ट बंद. त्यामुळे आमच्या डायरेक्टरांचं मुलांच्या मार्कांवर आमच्यापेक्षा जास्त लक्ष असतं, आणि मोठी मुलं बसमध्ये लहानांना अल्जिब्रा शिकवतात. आमच्याकडे मार्चिंग बँडचं पीई (पीटी) क्रेडिट पण मिळतं, म्हणजे तेवढा एक तास वाचतो. जीपीएमध्ये (मार्कांच्या सरासरीत) बँडचा क्लास कसा धरतात ते डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं, ते काउन्सेलरला विचारून घ्या.

खर्च काही शे डॉलर फी, वर बूट, हातमोजे, टीशर्ट. हप्ते करून देतात, अडचण असेल तर मदतही होते, विचारायला लाजू नका. ट्यूबा, युफोनियम, फ्रेंच हॉर्न, ड्रम असली मोठी वाद्यं शाळाच देते, क्लॅरिनेट-फ्लूट आपलं आपण भाड्याने घ्यायचं. आणि हो, फॉर्मवर व्हेजिटेरियन स्पष्ट लिहा, नाहीतर मॅचच्या दिवशी पोराच्या वाट्याला पेपरोनी पिझ्झाच येतो.

बेसड्रम_तीन_नंबर
काकू नमस्कार, मी ह्यूस्टनला वाढलो, आत्ता कॉलेजमध्ये आहे, लहानपणी पाच वर्षं तबला आणि हायस्कूलमध्ये चारही वर्षं ड्रमलाइन. त्यामुळे आरवला काय जड जाईल ते मला माहितीये.

तबल्यात उजवा हात वेगळं काम करतो, डावा वेगळं, दोघांचा आवाज वेगळा हीच त्यातली मजा. इथे उलट आहे. स्नेअरवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमवर, दोन्ही हातांचा आवाज डोळे मिटून ऐकला तर एकच वाटला पाहिजे, काडीची उंची सुद्धा सारखी, आणि शेजारच्या सात-आठ जणांशी पण सारखी. माझा डावा हात सुधारायला पूर्ण एक वर्ष गेलं. शिवाय बोटांची तयारी इथे थेट कामाला येत नाही, काड्या मनगटाने आणि बोटांनी कशा उसळू द्यायच्या ते पहिल्यापासून शिकावं लागतं. म्हणून नववीत स्नेअरची आशा धरू नका, त्या जागा मोजक्या असतात आणि तिथली मुलं तीन वर्षं तेच करत आलेली असतात.

पण बेसड्रम! बेसड्रम बहुतेक पाच असतात, प्रत्येकाचा साइज आणि सूर वेगळा, आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली असते. समजा तिरकिट वाजतंय, तर त्यातला फक्त 'कि' तुमचा, तो नेमक्या जागी पडला नाही तर सगळी ओळ तुटते. ज्याच्या अंगात लय मुरलीये त्याला हे जमतं. मी सम, खाली, दुगुन, तिगुन हातावर मोजत वाढलो म्हणूनच नववीत मला तिथे घेतलं, काड्यांचं काम माझं कच्चंच होतं. दुसरी जागा म्हणजे फ्रंट एन्सेम्बल, मैदानाच्या पुढे मरिंबा-व्हायब्राफोन अशी पट्ट्यांवर काड्यांनी वाजवायची वाद्यं असतात ते. पट्ट्या पेटीसारख्याच मांडलेल्या असतात, घरी पेटी असेल तर ओळख लवकर होते, मार्चिंगही करावं लागत नाही, फक्त नोटेशन पक्कं लागतं.

ड्रमचे एकूण ४० रुडिमेंट्स, म्हणजे हातांचे पायाभूत धडे, आहेत, सगळे आत्ता नकोत. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक आणि पॅराडिडल एवढेच. पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा, त्याला बोलासारखं तोंडाने म्हणायला सांगा, दोन दिवसात बसेल.

आणि डब्याचं लिहिलंयत ना, ते वाचून मला माझी नववी आठवली. शाळेचा पहिला दिवस उजाडला तेव्हा माझी तीन आठवड्यांची ओळख असलेली दोनशे मुलं शाळेत होती. बाकीचे फ्रेशमन (नववीतली नवी मुलं) वर्ग शोधत होते आणि मला माझ्या सेक्शन लीडरने हाक मारून टेबलावर जागा दिली.

जर्सीवाली_मंजू
टेक्सासचं प्रकरण फारच मोठं असतं, सगळीकडे एवढं नसतं, हे इतर राज्यांतल्या वाचणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या शाळेचा बँड साठ मुलांचा, ऑडिशन फक्त ड्रमलाइनला, बाकी येईल त्याला घेतात. माझ्या मुलीला वाद्य काहीच येत नव्हतं, पण भरतनाट्यम शिकत होती, ती कलर गार्डमध्ये गेली, झेंडे फिरवतात ती मुलं. नववीपासून सुरू करणाऱ्यांसाठी ती सगळ्यात मोकळी जागा आहे आणि मुलगेही असतात बरं का.

पथकातला_पुणेकर
मी कोथरूडचा, आठ वर्षं ढोल पथकात होतो, आता मुलगा इथे ट्रम्पेट वाजवतो. गणपतीआधी दीड-दोन महिने नदीपात्रात जो सराव चालायचा तोच हा प्रकार वाटला मला, फरक एवढाच की इथे पाऊल सुद्धा मोजलेलं असतं, ५ यार्डांत ८ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, आणि मागे जाताना पण तेवढंच, टाचा उचलून. प्रत्येक मुलाची मैदानातली जागा कागदावर दिलेली असते, त्याला डॉट म्हणतात. पोरगा रात्री दिवाणखान्यात वाद्याशिवाय डॉट चालत असतो. तुम्ही दोघं बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात, नाव द्या, मी मैदानावर मरिंबा ढकलायला जातो आणि बायको टोप्यांना तुरे लावते, इथल्या आमच्या निम्म्या ओळखी त्यातूनच झाल्यात.

आरवची_आई
सगळ्यांचे खूप आभार. हे सगळं ह्यांनी दोनदा वाचलं, ७० मार्कांचा कायदा वाचून जरा निवळलेत. एक शंका, ड्रमलाइनला नाहीच घेतलं तर दुसरं वाद्य या वयात जमेल का? सूर कानात आहे त्याच्या, लेहरा धरतो पेटीवर, पण ते पाच रेषांचं नोटेशन बघून घाबरतो.

क्लॅरिनेटवालीची_आई
जमेल, आणि युफोनियम किंवा ट्यूबाला मुलं कमी पडतात, तिथे डायरेक्टर आनंदाने शिकवतात. सूर कानात असेल तर एक गोष्ट आधीच समजावून ठेवा, नाहीतर गोंधळतो. क्लॅरिनेटवर कागदावरचा सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. ऑल्टो सॅक्सचा सी म्हणजे काळी दोन, फ्रेंच हॉर्नचा पांढरी चार. थोडक्यात प्रत्येकाचा सा वेगळ्या पट्टीत लिहिलेला असतो. आणि पूर्ण बँड सूर मिळवतो तो बहुतेक काळी पाचलाच. माझ्या मुलीला हे तिच्या आजोबांनी फोनवर पेटी वाजवून दाखवलं तेव्हा कुठे कळलं. नोटेशन रोज पंधरा मिनिटं, दोन महिन्यांत वाचायला लागेल.

आरवची_आई
डायरेक्टरचं उत्तर आलं! गुरुवारी शाळा सुटल्यावर भेटायला बोलावलंय, लिहिलंय की येताना तबला घेऊन ये, मला ऐकायचाय. आरवने आत्ता चार महिन्यांनी तबल्याची पिशवी उघडलीये आणि हातोडी शोधतोय. प्रॅक्टिस पॅड आणि काड्या पण मागवल्यात.

बेसड्रम_तीन_नंबर
भारी! त्याला सांगा, तबल्यातला एक कायदा वाजवून दाखव आणि मग तोच टाळी देत तोंडाने म्हणून दाखव. पॅड आला की मेट्रोनोम ६० वर, आणि सुरुवात डाव्या हाताने.