मदत हवी आहे: मॉडेल ४१० म्हणतं, लाइनवर ३३०च निघतात

चाकण_मशीनशॉप: तातडीने सल्ला हवाय. आमच्या हाउसिंगच्या (पार्टचं बाहेरचं कवच) लाइनचं मॉडेल सिमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या सिम्युलेशन लायब्ररीत, केलंय. पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), मग वॉशिंग, लीक टेस्ट. मॉडेल शिफ्टला ४१० जॉब (तयार पार्ट) दाखवतं, प्रत्यक्षात ३३०च्या वर जात नाही. शुक्रवारी सहावं मशीन घ्यायचं का ते ठरणार आहे. काय चुकलंय?

कास्टिंगवाला: सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला मशीनवर लागणारा वेळ, कुठून घेतले? शिफ्ट किती मिनिटांची?

चाकण_मशीनशॉप: प्रोसेस शीटवरून. जेवण-चहा वजा जाता ४३० मिनिटं. सगळ्यात हळू मशीन ६२ सेकंद.

निवृत्त_पीपीसी: ४३० मिनिटांना ६२ सेकंदांनी भागा, ४१६ येतात. तुमच्या मॉडेलने नुसता भागाकार केलाय. त्याला एक्सेल पुरतं. आम्ही स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभे राहायचो. ही सिम्युलेशनची थेरं कशाला?

मॉडेलवेडी: काका, हे पटलं नाही. दोन नंबर बंद पडलं आणि मधला ट्रे भरला की एक नंबर धडधाकट असून थांबतं, तीन नंबर उपाशी राहतं. हे एक्सेलच्या सरासरीत कुठे दिसतं? ब्रेकडाऊन टाकलेत का? किती वेळाने आणि किती वेळ, दोन्ही हवं. महिन्यात एकदा आठ तास बंद आणि रोज वीस मिनिटं बंद, बेरीज जवळपास तीच, पण लाइनचे हाल वेगळे. शिवाय एका रनवर जाऊ नका. सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) बदलून तीसेक रन घ्या.

ठोकळे_जोडा: पायथन सोडा, जामसिम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, अ‍ॅनिमेशनही दिसतं. साहेबांना तेच पटतं.

फायनल_इयर_मेक: सिमपाय शिकून पुण्यात नोकरी मिळते का?

कास्टिंगवाला: त्यासाठी वेगळा धागा काढा. चाकण, पाच मशीनवर माणसं किती?

चाकण_मशीनशॉप: तीन. दोघं जण दोन-दोन मशीन बघतात. असंच असतं ना सगळीकडे?

कास्टिंगवाला: अहो, मग मॉडेलमध्ये माणूस कुठे आहे? एका मशीनची सायकल संपून ते उभं असतं, तेव्हा तो दुसऱ्यावर बोअर गेज लावून भोकाचं माप तपासत असतो. ऑपरेटर रिसोर्स म्हणून टाका. लोडिंगला, तपासणीला तो अडकलाच पाहिजे.

निवृत्त_पीपीसी: इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) बदलायलाही तोच जातो, ते विसरू नका.

चाकण_मशीनशॉप: टाकलं. ब्रेकडाऊन अजून नाहीत, तरी ३५२ वर आलं! काका, उद्या पहिल्या शिफ्टला स्टॉपवॉच घेऊन उभा राहतोय. सहाव्या मशीनच्या आधी चौथा माणूस टाकून रन करतो.