तुरुंगवास हे विश्वस्तपदाचं प्रमाणपत्र आहे का? (दक्षिण आफ्रिका)

हिशेबी

दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याही नावाजलेल्या सामाजिक संस्थेच्या विश्वस्तांची ओळख वाचायला घ्या. सुरुवात बहुतेक ठरलेली. वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या लढ्यात इतकी वर्षं तुरुंग, इतकी वर्षं घरात स्थानबद्ध, 1994ला ती राजवट संपल्यावर खासदार नाहीतर मंत्री. आदर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण या माणसाला ताळेबंद वाचता येतो का? देणगी घेऊन आलेल्या बड्या पाहुण्याला तोंडावर 'नको' म्हणता येतं का? ते कुठेच लिहिलेलं नसतं.

एक नमुना देतो. सप्टेंबर 1997. मंडेलांनी प्रिटोरियात दिलेल्या मेजवानीनंतर रात्री मॉडेल नेओमी कॅम्पबेलला कुणीतरी कच्चे हिरे आणून दिले. दुसऱ्या दिवशी ब्लू ट्रेन या आलिशान रेल्वेगाडीत तिने ते मंडेलांच्या बालनिधीच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या हातावर ठेवले, चांगल्या कामाला लावा म्हणून. त्यांनी ते ना संस्थेत जमा केले, ना पोलिसांत दिले. स्वतःजवळ ठेवले. ते हिरे लायबेरियाचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याच्याकडून आले असा आरोप होता. 2010मध्ये टेलरवरच्या हेगमधल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात कॅम्पबेलची साक्ष झाली, तेव्हा कुठे ते हिरे पोलिसांकडे गेले. तेरा वर्षं! पुढे हिरे बाळगल्याच्या खटल्यात हे प्रमुख गृहस्थ निर्दोष सुटले, तो भाग वेगळा. पण तेरा वर्षं एकाही बैठकीत हा विषय आला नाही?

माझं मत सरळ आहे. निम्मे विश्वस्त हिशेब, कायदा, व्यवस्थापन यांतले हवेत. लढ्यातल्या लोकांना सल्लागार मंडळात मानाने बसवा.

जोबर्गकर

हिशेबीसाहेब, तुमचाच नमुना तुमच्यावर उलटतोय. ते हिरेवाले गृहस्थ काही तुरुंगातून आलेले क्रांतिकारक नव्हते. म्हणजे पार्श्वभूमीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

आता माझा नमुना. अहमद कथराडा. मंडेला आणि त्यांच्या साथीदारांवरच्या रिव्होनिया खटल्यात 1964ला जन्मठेप, सव्वीस वर्षं आत, त्यातली अठरा रॉबेन बेटावर. त्यांच्या नावाचं फाउंडेशन 2008चं, काम वर्णद्वेषाविरुद्ध. राष्ट्रपती झुमांच्या नकांडलाच्या खासगी घरावर सरकारी तिजोरीतून 24 कोटी 60 लाख रँड खर्च झाले होते. 31 मार्च 2016ला संवैधानिक न्यायालयाने सांगितलं की या प्रकरणात राष्ट्रपतींनी घटनेचं पालन केलेलं नाही. लगेच कथराडांनी झुमांना जाहीर पत्र लिहिलं, पायउतार व्हा. वय 86. तोवर आपल्या एएनसी पक्षाच्या (मंडेलांचा आणि झुमांचाही पक्ष हाच) नेत्यांबद्दलचे मतभेद त्यांनी कधी चव्हाट्यावर आणले नव्हते, आणि हे त्यांनी पत्रातच नोंदवलं.

वर्षभराने, 28 मार्च 2017ला ते गेले. कुटुंबाच्या इच्छेनुसार झुमा अंत्यविधीला आले नाहीत. तिथे माजी राष्ट्रपती मोटलांथेंनी त्या पत्रातला मजकूर वाचायला घेतला आणि लोक टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. दुसऱ्याच रात्री अर्थमंत्री प्रवीण गोर्धन यांची हकालपट्टी झाली. 1 एप्रिलला जोहान्सबर्गच्या सिटी हॉलमध्ये कथराडांची स्मरणसभा होती. काढून टाकलेला अर्थमंत्री बोलायला उभा राहिला तो तिथेच.

हेच पत्र एखाद्या निष्णात सीएने लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं? राष्ट्रपती भवनाला अशा माणसाची भीती वाटते, कारण त्याला घाबरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

टॅलीवाला

दोघांनीही कायद्याकडे बघितलेलं नाही, म्हणून ही भर. तिथल्या आयकर कायद्याच्या कलम 30प्रमाणे करसवलत हवी असेल तर संस्थेची जबाबदारी घेणाऱ्या किमान तीन व्यक्ती एकमेकांशी नातं किंवा तत्सम संबंध नसलेल्या लागतात. निर्णय एकाच माणसाच्या मुठीत राहता कामा नये. राजकीय पक्षाला पाठिंबा नाही, विरोधही नाही. ट्रस्ट असेल तर 1988च्या ट्रस्ट कायद्याखाली 'मास्टर ऑफ द हायकोर्ट' या ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं अधिकारपत्र मिळाल्याशिवाय विश्वस्ताने कशावरही सही करायची नाही.

2023च्या फेब्रुवारीत एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने देशाला ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत टाकलं, ऑक्टोबर 2025पर्यंत तो तिथेच होता. त्या काळात ट्रस्टमागे नेमकं कोण आहे याची नोंद मास्टरकडे देणं सक्तीचं झालं आणि विश्वस्त कुणाला होता येणार नाही याची यादीही लांबली. गंमत म्हणजे कायदा तुमची पदवी विचारत नाही आणि तुरुंगवासही विचारत नाही. नाती विचारतो आणि पैसा कुणाचा ते विचारतो. मला ते पटतं.

शिवाय जोबर्गकर, पत्र कथराडांनी पक्षाचा जुना सदस्य म्हणून लिहिलं होतं. संस्था आणि व्यक्ती यांच्यातली ही रेघ पुसट झाली की कलम 30 आठवायचं.

वऱ्हाडी ठेचा

1912 कुणालाच आठवलं नाही याचं नवल वाटतं. डर्बनजवळ इनांडा भागातल्या फिनिक्स वसाहतीची (गांधींच्या आश्रमाची) जमीन, साधारण शंभर एकर, गांधींनी 1904मध्ये घेतली होती. 1912मध्ये त्यांनी ती ट्रस्टच्या नावे करून दिली. विश्वस्त कोण? डर्बनचे व्यापारी उमर हाजी आमद जोहरी, डर्बनचेच पारशी रुस्तमजी, जोहान्सबर्गचे वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख, बॅरिस्टर रिच आणि रंगूनचे बॅरिस्टर प्राणजीवन मेहता. दस्तात प्रत्येकाच्या नावापुढे गाव आणि धंदा लिहिलाय. हिशेबींना हवं तस्संच मंडळ! दोन व्यापारी, एक बांधकाम कळणारा, दोन वकील. मुसलमान, पारशी, ज्यू, गुजराती, सगळे एका कागदावर, तेही 1912 साली.

आणि आमचा अभिमान नोंदवतो. ती वसाहत पुढे अनेक वर्षं सांभाळली त्या सुशीलाबेन आमच्या अकोल्याच्या. मश्रूवालांची मुलगी. 1927मध्ये गांधींचे चिरंजीव मणिलाल यांच्याशी लग्न अकोल्यातच झालं. 1956ला मणिलाल गेल्यावर गांधींनी सुरू केलेलं 'इंडियन ओपिनियन' हे वृत्तपत्र त्यांनी 1961पर्यंत चालू ठेवलं. त्यांची पार्श्वभूमी कुठल्या रकान्यात बसवणार?

हिशेबी

ठेचासाहेब, यादी झकास आहे, पण नीट बघा. पाचही जण एकाच माणसाचे स्नेही. रुस्तमजींच्या घरात तर 1897च्या जमावापासून गांधींनी आसरा घेतला होता. स्नेही माणसं 'नाही' म्हणत नाहीत. शिवाय पाचांत एकही बाई नाही, एकही झुलू नाही. झुलू नेते जॉन दुबेंची ओहलांगे शाळा तिथून हाकेच्या अंतरावर होती, फिनिक्सच्याही आधीपासून. जमीन इनांडाची आणि मंडळात इनांडाचं कुणी नाही. मग 1985मध्ये वसाहत जळाली यात आश्चर्य ते काय?

जोबर्गकर

हे मात्र फार झालं. ऑगस्ट 1985मध्ये वर्णभेदविरोधी वकील व्हिक्टोरिया म्झेंगे यांच्या हत्येनंतर डर्बनच्या सगळ्या वस्त्या पेटल्या होत्या. इनांडातून भारतीय कुटुंबं पळाली, फिनिक्समधली घरं, छापखाना जळाला. जाळणाऱ्यांनी 1912चा दस्त मागवून विश्वस्तांची नावं तपासली होती की काय? सरकारी जमीनधोरण, दाटी, गरिबी, राजकीय हाणामाऱ्या, सगळं एकात एक गुंतलेलं होतं. पुढे घर नसलेले लोक त्याच जमिनीवर राहायला आले. त्या वस्तीचं नाव भांबायी, बॉम्बेवरून पडलेलं. आणि त्याच 1985मध्ये फिनिक्सशी जोडलेले मेवा रामगोबिन सरकारविरुद्ध राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी होते. म्हणजे इकडून सरकार, तिकडून जमाव.

2000मध्ये राष्ट्रपती म्बेकींच्या हस्ते ती जागा पुन्हा उघडली. पुढची धुरा मणिलाल-सुशीलाबेन यांच्या कन्या इला गांधींनी वाहिली. त्यांची ओळख लोक 'गांधींची नात' एवढ्यावर उरकतात. बाई पेशाने समाजसेविका आहेत. मुलं, कुटुंबं, घरगुती हिंसा हे त्यांचं रोजचं काम होतं. वर्षानुवर्षं राजकीय कामावर सरकारी बंदी आणि घरात स्थानबद्धताही भोगली. आता सांगा, यातली पात्रता कुठली आणि शोभा कुठली?

टॅलीवाला

इला गांधींबद्दल सहमत. पण 'तीन असंबंधित' हा नियम अशाच घराण्यांसाठी आहे हेही खरं. नात कर्तबगार निघाली म्हणून पणतू निघेलच असं नाही.

फुकटचा सल्ला

मला या वादात एक वेगळीच अडचण दिसते. रिव्होनियात शिक्षा झालेले शेवटचे दोघे, डेनिस गोल्डबर्ग आणि अँड्र्यू म्लांगेनी, 2020मध्ये गेले. तुरुंगवासाचं प्रमाणपत्र देणारं खातंच बंद पडत चाललंय. मंडेला फाउंडेशनचंच बघा. जेक्स गेर्वेल अध्यक्ष होते, नंतर न्जाबुलो न्डेबेले. दोघेही साहित्याचे प्राध्यापक, दोघांनी विद्यापीठं चालवलेली. तुरुंगही नाही आणि ताळेबंदही नाही, तरी संस्था उभी आहे.

नवीन लोक कुठून येतात ते बघा की. 1998मध्ये एचआयव्हीच्या औषधांसाठी ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कँपेन उभी राहिली. झॅकी अकमत यांनी सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही म्हणून स्वतःचा उपचार थांबवला होता. 2002मध्ये त्यांची बाजू संवैधानिक न्यायालयात जिंकली आणि गरोदर बायकांना नेव्हिरापिन (आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध) द्यायला सरकारला भाग पाडलं. त्या चळवळीत रुग्ण, नर्स, वकील एका टेबलावर बसत. पुढच्या विश्वस्तांची ओळख अशीच लिहिली जाईल, आजाराची आणि कोर्टाच्या तारखांची.

वऱ्हाडी ठेचा

+१. आणि हो, अशा टेबलावर कुणी कच्चे हिरे आणून ठेवले तर निदान नर्सबाई तरी विचारतील, "हे कुणाचे हो?"

हिशेबी

नर्सबाई चालतील, वकीलही चालतील. सुशीलाबेनही चालल्या असत्या, छापखाना चालवणाऱ्या बाईला कागदाचा भाव माहीत असतो. माझी अट तेवढीच राहिली, वित्त समितीचं अध्यक्षपद कुणाकडे द्यायचं ते आधी सांगा. जोबर्गकरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.