शब्दचर्चा: 'चेक'मधला राजा कुठे गेला?

धागाकर्ती:
परवा सकाळी तासाभरात माझ्या तोंडून 'चेक' हा शब्द पाच वेळा गेला आणि पाचही वेळा निराळ्या कामाला. मुलाचा चेक्सचा शर्ट इस्त्रीला टाकला. गॅस बंद आहे का ते चेक केलं. सोसायटीच्या देखभालीचा चेक लिहिला. सासऱ्यांना चेकअपची आठवण केली. रिक्षावाल्याला म्हटलं, चेकनाक्यावरून घ्या. संध्याकाळी लेकीने पटावर उंट सरकवून "चेक!" म्हटलं, तेव्हा मी सवयीने म्हणाले, "आमच्या लहानपणी शह म्हणायचे."

म्हटलं खरं, पण मग अडकले. 'शह' हे काही 'चेक'चं मराठी भाषांतर नाही. तो तोच शब्द आहे.

फारसीत राजाला शाह म्हणतात. आपल्याकडचं चतुरंग इराणात गेलं आणि तिथे राजाचा शाह झाला. समोरच्याच्या राजावर मारा आला की खेळणारा "शाह!" म्हणायचा, म्हणजे "तुझा राजा सांभाळ". तिथून हा खेळ अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला. वाटेत लॅटिनने आणि जुन्या फ्रेंचने 'शाह'ला आपापल्या तोंडाप्रमाणे वळवलं, आणि १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत 'चेक' होऊन बसला. मराठीला एवढा वळसा पडला नाही. आपण तो फारसीतून सरळ घेतला आणि 'शह' केला. गंमत अशी की 'राजाला शह' म्हणताना आपण 'राजाला राजा' म्हणतो आणि कुणाच्या ते कानात जात नाही. 'वजिराला शह' तर त्याहून विनोदी.

'चेस' हे खेळाचं नाव म्हणजे जुन्या फ्रेंचमधलं याच शब्दाचं अनेकवचन, थोडक्यात 'राजे'. आणि 'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे आपल्या 'मात करणे'मधला 'मात'. तोही फारसी: राजा मात झाला, म्हणजे त्याचे उपाय संपले. अडचणींवर मात करणारे आपण सगळे नकळत बुद्धिबळच खेळत असतो.

इंग्रजीत पुढे काय झालं ते पाहा. शह बसला की तुमचा बेत जागीच थांबतो, आधी राजाची सोय बघावी लागते. म्हणून 'चेक'ला अचानक बसलेली खीळ हा अर्थ आला. खिळीवरून लगाम, आवर. ज्याला आवरायचं त्याच्यावर नजर हवी, म्हणून देखरेख. देखरेख करायची तर एक गोष्ट दुसरीशी ताडून बघावी लागते, म्हणून पडताळणी. आज आपण 'चेक कर ना' म्हणतो तो या रांगेतला अगदी शेवटचा अर्थ. दर पायरीवर अर्थ जेमतेम एक घर सरकला, पण सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवले तर ओळख लागत नाही.

बाकीचे अर्थ तुम्ही सांगा. बँकेतला चेक यात कुठे बसतो ते मला नीट उलगडलेलं नाही.

ठाणेकर:
चेकनाका आमचा! मुलुंडची हद्द संपून ठाणं लागतं तिथला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, ट्रकांच्या रांगा गेल्या. नाव मात्र बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी तसंच आहे. शब्दाची रचना बघा: 'नाका' म्हणजेच अडवून बघायची जागा, आणि त्याला वर 'चेक'.

एक शंका. गावाकडे ओढ्यावर चेकडॅम बांधला तेव्हा आमच्या चुलत्यांना वाटलं होतं की हे पाणी तपासायचं धरण. सरकारी माणूस येणार, बाटलीत पाणी भरून नेणार. तिथे 'चेक' कुठला?

धागाकर्ती:
तुमच्या चुलत्यांनी नवा अर्थ लावला आणि नावात होता जुना. चेकडॅममध्ये 'चेक' म्हणजे आवर घालणं. ओढ्याच्या वेगाला खीळ बसते, गाळ खाली बसतो, पाणी मुरायला वेळ मिळतो. पाण्याला दिलेला शहच तो. आपला 'बंधारा' हेच काम जास्त नीट सांगतो, पण कागदोपत्री योजनेचं नाव इंग्रजीत आलं की गावात तेच रुळतं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं 'नियंत्रण आणि संतुलन' आठवतंय? संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना मोकाट सुटू द्यायचं नाही, ते. त्याच्या मूळ इंग्रजी जोडशब्दातलं 'नियंत्रण' म्हणजे हाच 'चेक'. तिथेही तपासणी नाही, लगाम आहे.

निवृत्त रोखपाल:
बँकेचं मी सांगतो. चौतीस वर्षं काउंटरवर काढली, तेवढा हक्क आहे.

ज्या कागदाला आपण चेक म्हणतो तो कागद आधी आला, नाव मागाहून. लंडनमध्ये १६५९ सालचा हाताने लिहिलेला एक कागद जपलेला आहे: अमक्याला ४०० पौंड द्यावेत, असा सावकारी पेढीला दिलेला आदेश. काम चेकचंच, पण तेव्हा त्याला कुणी चेक म्हणत नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणायचे ते स्थळप्रतीला! मूळ कागद फाडून दिल्यावर पेढीकडे जो तुकडा उरायचा, तो. कुणी खोटा कागद घेऊन आला तर या तुकड्याशी ताडून बघायचं. तुकडा पडताळणीसाठी, म्हणून त्याचं नाव चेक. पुढे स्थळप्रत असलेल्या कागदालाच ते नाव चिकटलं, आणि शतक संपेपर्यंत पैसे देण्याचा आदेश म्हणजे चेक असं ठरून गेलं. म्हणजे नोकराचं नाव धन्याने घेतलं.

आमच्याकडे 'क्रॉस चेक' हा रोजचा गोंधळ. नवीन मुलगा आला की विचारायचा, "साहेब, क्रॉस चेक करू?" त्याला म्हणायचं असायचं, पुन्हा पडताळून पाहू का. साहेबांना वाटायचं, डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारू का, म्हणजे पैसे रोख न मिळता खात्यातच जमा होतील. एकदा त्याने पडताळायला दिलेल्या बेअरर चेकवर खरोखर रेघा मारल्या. खातेदार रोख पैसे न्यायला समोर उभा! पुढचा अर्धा तास कसा गेला ते विचारू नका.

बारीकनजर:
लेख आवडला, पण एक दुरुस्ती. बँकेचा चेक हा शब्द अरबी 'सक्क'वरून आला आहे. अरब व्यापारी लेखी चिठ्ठी घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात पैसे उचलत. इतकं सरळ मूळ हाताशी असताना बुद्धिबळात शिरायचं कशाला?

धागाकर्ती:
सक्क होता, त्यावर वादच नाही, आणि व्यवहार म्हणून तो युरोपातल्या चेकच्या बराच आधीचा. पण शब्दाचं नातं आवाजावरून जुळवता येत नाही, मधली वाट दाखवावी लागते. वरती रोखपालकाकांनी सांगितलं तीच मोठी अडचण आहे. इंग्रजीत हा शब्द आधी आदेशाला नव्हे, स्थळप्रतीला लागला. 'सक्क' थेट आला असता तर तो आदेशालाच लागला असता. कोशकार म्हणूनच पडताळणीच्या 'चेक'कडून येतात. नाही तर आवाजावर जाऊन प्राग शहरातले चेक लोकही यात घ्यावे लागतील, आणि त्यांचा तर या कुळाशी काहीच संबंध नाही.

स्पेलिंगचं मात्र एक रहस्य उरतं. अमेरिकन लोक बँकेचा चेक साधा सी-के लिहून मोकळे होतात. इंग्रजांनी त्याला क्यू-यू-ई अशी शेपटी लावली. ती आली 'एक्स्चेकर'वरून, म्हणजे राजाच्या खजिन्यावरून. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द अजून आहे.

खजिन्याला हे नाव का, ते वाचून मी चाट पडले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला दहा फूट लांब, पाच फूट रुंद असं एक मेज असे. त्यावर रेघांनी घरं आखलेलं काळं कापड. परगण्यापरगण्याचे अधिकारी, त्यांना शेरीफ म्हणत, वर्षातून दोनदा हिशेब द्यायला यायचे. तेव्हा आकडे रोमन, त्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोक्याला ताप. म्हणून कापडावर पेनीचं घर, शिलिंगचं घर, पौंडाचं घर, आणि त्यांत गोट्या मांडून, सरकवून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिशेब. दिसायला थेट बुद्धिबळाचा पट, म्हणून फ्रेंचमधला पटाचा शब्दच मेजाला लागला, मेजावरून कचेरीला, कचेरीवरून खजिन्याला. त्याच खजिन्यात काम केलेल्या रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस या कारभारावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की हाही एक डावच आहे, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. आपल्या ऑफिसात ऑडिट आलं की दोन्ही बाजूंचे चेहरे आठवा.

आणि चेक्सचा शर्ट? तोही याच पटावरून. आमच्या आजीच्या लुगड्याला चौकडा असायचा, तिला चेक्स म्हटलं असतं तर कळलं नसतं. चौकडा सरळ चार कोन मोजतो. चेक्सच्या पोटात मात्र इराणचा राजा.

ठाणेकर:
हिशेबाची पावती काय देत होते मग?

धागाकर्ती:
काठी! खाचा पाडलेली लाकडी काठी उभी चिरायची, अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. भांडण झालं की दोन्ही जोडून बघायच्या, खाचा जुळल्या की हिशेब जुळला. या काठीचं नाव टॅली. आपले अकाउंटवाले ज्या सॉफ्टवेअरवर बसतात त्याच्या नावात ती अजून आहे. असल्या काठ्या १८२६ पर्यंत चालल्या. मग त्या ढिगाचं करायचं काय म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनच्या संसदभवनातल्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या, आणि रात्रीपर्यंत संसदभवनच पेटलं.

न्यू जर्सीकर:
इथे अमेरिकेत हॉटेलचं बिलही 'चेक'. बाबा पहिल्यांदा आले होते. जेवण झाल्यावर वाढणाऱ्या मुलीने अदबीने विचारलं, चेक आणू का? बाबा माझ्या कानात म्हणाले, "जेवलो आपण, आणि चेक ही देणार?" मग थोडं थांबून, "घे गं, नाही म्हणू नकोस."

टोपी-कोट ठेवायला दिला की मिळणारा बिल्लाही चेक. विमानाच्या पोटात टाकायची बॅगही 'चेक' करायची. आपल्या माणसाला वाटतं उघडून तपासणार, आणि तो लोणच्याच्या बरणीच्या काळजीने अर्धा होतो. इथे बरोबरच्या खुणेलाही चेकच म्हणतात. आपण इंग्रजांकडून टिक घेतली, ते बरं झालं.

निवृत्त रोखपाल:
एक राहिलंच. चेक 'वटतो' हे क्रियापद आपण कुठून आणलं? हुंडीकडून, म्हणजे जुन्या पेढ्यांवरच्या पैसे देण्याच्या चिठ्ठीकडून. हुंडी वटायची, तसा चेक वटायला लागला. सरकारने 'धनादेश' दिला, छापील पत्रात तो दिसतोही, पण "धनादेश बाउन्स झाला" असं म्हणणारा माणूस मी काउंटरवर पाहिला नाही. १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा झाला, तेव्हापासून तर 'एकशे अडतीस लावीन' हीच भाषा.

हुंड्यांत एक होती शहाजोग. पेढीने पैसे कुणा आल्यागेल्याला द्यायचे नाहीत, पत असलेल्या 'शहा'लाच द्यायचे, अशी. जवळजवळ आजचा रेघा मारलेला चेकच. माझा प्रश्न: यातला शहा आणि तुमचा पटावरचा शाह एकच का?

धागाकर्ती:
काका, जिंकलात. पण नाही, हे दोन वेगळे. हुंडीतला शहा म्हणजे सावकार, तो संस्कृत 'साधू'पासून साहू, साह अशा वाटेने आलेला. कागदावर दोघांचे कपडे सारखे दिसतात इतकंच. बिचाऱ्या शहाजोगाचं मराठीत पुढे काय झालं बघा. पत असलेला, भरवशाचा, इथून निघाला आणि आता "शहाजोगपणे सल्ले देऊ नकोस" यात अडकला. मानाचा शब्द टोमणा होऊन बसला. ही कथा 'चेक'पेक्षा कमी नाही, वेगळा धागा काढायला हवा.

पटावरच्या शाहाचे खरे नातलग दुसरे आहेत. त्याचं जुनं इराणी रूप आपल्या 'क्षत्र'च्या धातूतलं, आणि फारसी 'शहर' म्हणजे तर मुळात क्षत्रच, राज्य. आपण 'शहरात जाऊन येतो' म्हणतो त्यात एवढं सगळं आहे.

प्यादं:
मी स्पर्धांमध्ये खेळतो. एक माहिती: स्पर्धेत कुणी 'चेक' म्हणत नाही. नियमात तसं म्हणायचं बंधन नाही, समोरच्याने स्वतः बघायचं. मोठ्याने म्हणालात तर लोक वळून बघतात. म्हणजे ज्या आरोळीवरून हे सगळं सुरू झालं, ती पटावरूनच गेली आहे.

धागाकर्ती:
आमच्या घरी परत आली आहे. हा धागा वाचून झाल्यापासून लेक चेक म्हणत नाही, शहही नाही. उंट सरकवते आणि ओरडते, "बाबा, तुमचा राजा!"

प्यादं:
घरी ओरडू दे. स्पर्धेला पाठवाल तेव्हा आधी सांगून ठेवा, नाही तर पंच उठून येतील.