मदत हवी आहे : भट्टी विजेवरच ठेवावी की गॅसवर न्यावी?

सप्रेम नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझा यंत्रभागांना पाणी देण्याचा, म्हणजे ते तापवून झटकन थंड करून कठीण करण्याचा, छोटा कारखाना असून, विजेवरची भट्टी पाइपलाइनच्या गॅसवर न्यावी का, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

२०२३ साली पावसाने ओढ दिली तेव्हा जलाशय भरले नाहीत, जलविद्युत घटली आणि त्याच वेळी शेतीपंप अधिक चालल्याने मागणी वाढली. कर्नाटकाला उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून अदलाबदलीच्या बोलीवर वीज घ्यावी लागली. त्याच ऑक्टोबरात भट्टीचा काटा ८५० अंशांवर असताना वीज गेली आणि आतले सर्व गिअर वाया गेले. ते भंगारात टाकताना कामगारांचे उतरलेले चेहरे मी अजून विसरलेलो नाही.

गॅसही निर्धोक वाटत नाही. दाभोळ-बेंगळुरू वाहिनी आपल्या जिल्ह्यातूनच जाते. परंतु लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने जहाजांनी आलेला द्रवरूप गॅस उतरवून घेणारे दाभोळचे टर्मिनल कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. शिवाय स्वस्त देशी गॅसवर पहिला हक्क घरगुती जोडण्यांचा आणि वाहनांचा असल्याने उद्योगांची भिस्त मुख्यतः आयातीवर राहते, आणि २०२२ मध्ये रशियाचा पुरवठा आटताच युरोपने गॅसची जहाजे स्वतःकडे वळवली, तेव्हा आयात गॅसचे भाव भडकले होते.

गॅसचा करार करताना दर कच्च्या तेलाशी बांधून घ्यावा की तत्काळ बाजाराशी, म्हणजे त्या त्या वेळच्या चालू भावाशी? किमान उचलीची (ठरलेला गॅस वापरला नाही तरी पैसे भरण्याची) अट लहान ग्राहकाला झेपते का? निपाणी, गोकाक किंवा कोल्हापूरकडे कोणी दोन्ही इंधनांवर चालणारी भट्टी वापरत असल्यास कृपया अनुभव कळवावा.